निःपक्षपाताचा अर्थ : आधुनिक न्यायसिद्धांतांची धम्मदृष्टीने चिकित्सा

न्याय म्हणजे निःपक्षपात, असे समीकरण गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य राजकीय तत्त्वज्ञानात रूढ झाले आहे. जॉन रॉल्स यांचा न्यायसिद्धांतावरील ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. ब्रायन बॅरी यांनी १९९५ मध्ये आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच न्याय व निःपक्षपात यांची सांगड घातली. आणि अमर्त्य सेन यांनी २००९ मध्ये रॉल्स यांच्याशी वाद घालताना निःपक्षपाताचीच निराळी मांडणी केली. आपल्या समाजातील विद्यार्थी आता हे ग्रंथ विद्यापीठांतून अभ्यासतात, स्पर्धापरीक्षांसाठी त्यांची टिपणे काढतात. बाबासाहेबांचा न्यायविचार या मांडणीत कोठे बसतो, असा प्रश्न त्यांना साहजिकच पडतो आणि त्यांना दोन उत्तरे ऐकावयास मिळतात. पहिले असे की, रॉल्स जे म्हणाले ते बाबासाहेबांनी आधीच म्हणून ठेवले होते. दुसरे असे की, बाबासाहेबांनी एका विशिष्ट समाजाची बाजू घेतली, तेव्हा त्यांचा विचार कितीही थोर असला तरी 'निःपक्ष' न्यायाच्या चौकटीत तो बसणार नाही. पहिले उत्तर आपल्याच लोकांकडून अभिमानाने दिले जाते, दुसरे इतरांकडून सौजन्याने. आम्हांस दोन्ही अमान्य आहेत. निःपक्षपात म्हणजे काय हे ठरून गेले आहे, असे दोहोंतही गृहीत धरलेले आहे. आणि प्रस्तुत लेखात नेमके तेच तपासून पाहावयाचे आहे.

हे टिपण आम्ही राजोडीस लिहीत आहोत. येथून पूर्वेस सोपारा जवळच आहे. प्राचीन शूर्पारक, पाली वाङ्मयातील सुप्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. लोक त्या टेकाडाला 'बुरुडराजाचे कोट' म्हणत. स्तूपाची आठवण पुसली गेली, पण बांबू विणणाऱ्या जातीचा कोणी राजा येथे होता असे नाव मात्र लोकांनी जपले, हे नोंद घेण्याजोगे आहे. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यास मिळाला आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावास. १९५६ हे वर्ष आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. या नवव्या लेखात अशोक म्हणतो की, आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासास निघताना लोक नाना मंगलविधी करतात, परंतु त्यांचे फळ अल्प असते. खरे मंगल म्हणजे दास व सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान. दासाशी नीट वागा, असे तो सांगतो. दास नसावा, असे सांगत नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

अशोकाकडे वळण्याचे कारण केवळ स्थानिक अभिमान नव्हे. सेन यांच्या विवेचनात अशोकाला मानाचे स्थान आहे. शिवाय न्यायदानाच्या संदर्भात 'समता' हा शब्द अशोकाच्या लेखांत स्पष्टपणे येतो. तो सोपाऱ्याच्या तुकड्यांत नाही, चौथ्या स्तंभलेखात आहे. दिल्ली-टोपरा स्तंभावरील या लेखात रज्जुक नावाच्या अधिकाऱ्यांविषयी बोलताना 'वियोहालसमता' व 'दंडसमता' असावी, अशी इच्छा तो व्यक्त करतो: खटल्याच्या व्यवहारात समता आणि शिक्षेत समता. देहदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत देण्याची तरतूदही त्याच लेखात आहे. आपल्याकडील लेखक याचा अर्थ 'कायद्यापुढे सर्व समान' असा करतात. विद्वानांत मात्र मतभेद आहे. सर्व प्रदेशांतील रज्जुकांनी एकाच पद्धतीने काम करावे, एवढाच याचा आशय आहे असे काहींचे म्हणणे आहे. आम्हांस हा मतभेद केवळ शब्दार्थाचा वाटत नाही. एकसारखेपणा आणि निःपक्षपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एक समजल्यामुळे पुष्कळ गोंधळ झाला आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील दंडकोष्टक पाहावे. ब्राह्मणास शिवीगाळ करणाऱ्या क्षत्रियास १०० पण दंड, वैश्यास १५० किंवा २००, आणि शूद्रास शारीरिक शिक्षा. ब्राह्मणाने तोच अपराध केला तर क्षत्रियाच्या बाबतीत ५० पण, वैश्याच्या बाबतीत २५, शूद्राच्या बाबतीत १२. बाबासाहेबांनी 'हिंदू धर्माचे तत्त्वज्ञान' या हस्तलिखितात न्याय ही कसोटी लावून असल्याच कोष्टकांची चिकित्सा केली. (हे लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही, महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील तिसऱ्या खंडात ते १९८७ साली प्रसिद्ध झाले.) आता एखादा न्यायाधीश हे कोष्टक काटेकोरपणे राबवतो असे समजा. लाच घेत नाही, ओळखदेख पाहत नाही, प्रत्येक शूद्रास तीच शिक्षा आणि प्रत्येक ब्राह्मणास तोच १२ पणांचा दंड देतो. तो एकसारखा वागला, यात शंका नाही. नियमाच्या पोटातच पक्षपात असेल, तर नियम पाळणाऱ्याचा निःपक्षपात हा त्या पक्षपाताचा वाहक होतो.

रॉल्स यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नियमांची अंमलबजावणी एकसारखी होणे म्हणजे केवळ औपचारिक न्याय. गुलामगिरीचा किंवा जातींचा समाजही अशा एकसारख्या पद्धतीने चालवता येईल, असे त्यांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. जातिबद्ध समाज अन्यायी का, याचे कारणही ते देतात: जन्माच्या योगायोगाला तो समाज बंदिस्त वर्गाच्या सभासदत्वाचा आधार बनवतो. परंतु हे उल्लेख ओझरते आहेत. आमच्यासाठी जे मुख्य प्रकरण आहे, ते तेथे एका उदाहरणापुरते आले आहे.

महाडच्या चवदार तळ्याचा खटला या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १९२७ च्या सत्याग्रहानंतर दाखल झालेला हा दावा खालच्या न्यायालयांतून फिरत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले. आपण हा विजय म्हणून सांगतो, आणि तो विजय होताच. पण न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता? अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी स्मरणातीत काळापासून चालत आलेली आहे काय, हा. वादींना ते सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. म्हणजे अन्याय पुरेसा जुना असता, तर तो कायदेशीर ठरण्याचा संभव होता. न्यायमूर्तींच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. समोर जो कायदा होता तो त्यांनी निःपक्षपणे लावला. माणसाने पाणी प्यावे की नाही हे ठरवताना वहिवाटीचे वय मोजावे लागले, हा दोष कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत होता, उत्तर लिहिणाऱ्यात नव्हे.

मग प्रश्नपत्रिका कोण काढणार? रॉल्स यांची प्रतिभा येथे दिसते, आणि तिला दाद दिली पाहिजे. समाजाची मूलभूत तत्त्वे ठरवणाऱ्यांनी 'अज्ञानाच्या पडद्या'आड बसावे. आपण श्रीमंत की गरीब, बुद्धिमान की सामान्य, कोणत्या दर्जाच्या घरात जन्मलेले, यांपैकी काही त्यांना माहीत नसावे. स्वतःचे स्थान ठाऊक नसलेला मनुष्य सर्वांत खालच्या स्थानाचीही तरतूद करील, कारण पडदा उठल्यावर ते स्थान त्याच्याच वाट्याला येऊ शकते. आपल्या कार्यकर्त्यांना ही कल्पना समजावून सांगणे अगदी सोपे जाते. तुम्ही महारवाड्यात जन्मणार की वाड्यात हे माहीत नसते, तर तुम्ही गावाचे नियम काय केले असते? असे विचारताच श्रोते हसतात आणि मर्म कळते.

तथापि पडद्याआड नेमके कोण बसले आहे, हे पाहावे. प्रत्येकाची ओळख काढून घेतल्यावर तेथे उरतात ती एकसारखी माणसे; सर्वांचा विचार एकच, म्हणून खरे तर तेथे एकच मनुष्य आहे. वाद नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावाचून राहिलेल्या माणसाजवळ जे ज्ञान आहे, तेही त्याच्या नावगावाबरोबर बाहेर ठेवावे लागते. आयरिस मॅरियन यंग यांनी १९९० मध्ये निःपक्षपाताच्या आदर्शावर असाच आक्षेप घेतला की, भिन्न माणसांना एका दृष्टिकोनात कोंबण्याचा हा प्रयत्न आहे आणि प्रत्यक्षात प्रबळांचा दृष्टिकोनच सर्वांचा म्हणून पुढे येतो. चार्ल्स मिल्स यांनी १९९७ मध्ये दाखवले की, ज्या सामाजिक कराराच्या परंपरेतून हे सिद्धांत निघाले, त्या करारात काळ्या माणसाला पक्षकार म्हणून जागाच नव्हती.

बाबासाहेबांनी ही गोष्ट जानेवारी १९१९ मध्ये, साउथबरो समितीपुढे साक्ष देताना, फार नेमकेपणाने मांडली होती. अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे. त्यांच्या वतीने सद्भावनेने बोलणारा दुसरा कोणी पुरेसा नाही. केवळ मते पोहोचणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे, माणूस स्वतः पोहोचला पाहिजे. प्रतिनिधित्वाचा आणि राज्यात अधिकारपद धारण करण्याचा हक्क हे त्यांनी नागरिकत्वाचे दोन मुख्य हक्क मानले. पाचामुखी परमेश्वर, असे आपल्याकडे म्हणतात. त्या पाचांत महारवाड्यातला एकही नसे, आणि तरी परमेश्वर बोलला असे सारा गाव मानीत असे. बाबासाहेबांचा रोख पंचांच्या नीतिमत्तेवर नव्हता. पंचांच्या बैठकीवर होता.

विनयपिटकात याचे मूळ सापडते, आणि ते पुरेसे उजेडात आलेले नाही असे आमचे मत आहे. चुल्लवग्गाच्या चौथ्या खंधकात संघातील वाद शमविण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांतील पहिला 'सम्मुखाविनय'. षड्वर्गीय भिक्षू गैरहजर भिक्षूंविरुद्ध संघकर्म करून त्यांना दंड देत. तेव्हा तथागतांनी समोर नसलेल्याविरुद्ध असे कर्म करू नये, असा नियम घालून दिला. निर्णयाच्या वेळी संघ, धम्म, विनय आणि संबंधित व्यक्ती या चारही उपस्थित असल्या पाहिजेत. बहुमताने निर्णय घेण्याची वेळ आली तर शलाका, म्हणजे मतदानाच्या काड्या, गोळा करणारा भिक्षू नेमावा. आणि त्याच्या अंगी पाच गोष्टी असाव्यात: तो छंद, दोस, मोह व भय या चार अगतींनी जाणारा नसावा, आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे त्याला कळावे. आवडीने, द्वेषाने, अज्ञानाने, भीतीने वाकडे जाणे म्हणजे अगती. सिगालोवाद सुत्तातील या चार अगती आपल्या उपासकांना परिचित आहेत. पाचवी अट मात्र साध्या कारकुनी दक्षतेची आहे. मन शुद्ध असून हिशेब चुकला तरी अन्याय होतोच, हे त्या काळी ओळखले होते.

अशोकाच्या धौली येथील पहिल्या स्वतंत्र लेखात याच जातीची यादी आहे. तोसलीच्या नगरन्यायाधिकाऱ्यांना तो सांगतो की, मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरता, घाई, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा यांमुळे न्याय बिघडतो. थकवा! मोठमोठ्या सिद्धांतांत हा शब्द शोधून सापडणार नाही. पण ज्याने तारखेमागून तारखा घेत कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला तो कळेल. त्याच लेखात सर्व माणसे माझी लेकरे आहेत, हे त्याचे प्रसिद्ध वचनही आहे. येथेच मघाशी सांगितलेली मर्यादा पुन्हा दिसते. राजा कितीही निःपक्ष असला तरी तो पिता आहे आणि प्रजा लेकरे. दासाने आपल्याशी नीट वागण्याची अपेक्षा करावी, पण निर्णयाच्या जागी बसावे असे नाही. बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे लेकराची जागा नाकारली आणि पक्षकाराची मागितली.

सेन यांची मांडणी रॉल्स यांच्याहून आपल्याला अधिक जवळची आहे. एका समाजातील सभासदांनी आपसांतच ठरवलेला निःपक्षपात त्यांना 'बंदिस्त' वाटतो. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७५९ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात कल्पिलेला 'निःपक्ष प्रेक्षक' ते पुन्हा पुढे आणतात, म्हणजे दूरच्या लोकांची दृष्टीही विचारात यावी आणि स्थानिक पूर्वग्रह उघडे पडावेत. शक्तिमानाने दुर्बलाप्रत एकतर्फी कर्तव्य मानावे, हा विचार ते सुत्तनिपातातून, आई आणि मूल यांच्या दृष्टांतावरून घेतात. हे सर्व आदरणीय आहे. पण बंदिस्त नीतीची चिकित्सा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अधिक कठोरपणे केलेली आहे. चोरांतही नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातभाईंत असते. परंतु ही नीती आपल्या गटापुरती, इतरांपासून तुटलेली, म्हणून समाजविघातक असते, आणि यासाठी नीती पवित्र व सार्वत्रिक झाली पाहिजे, असा तेथील युक्तिवाद आहे. सेन यांच्या ग्रंथात बाबासाहेबांच्या न्यायविचाराला स्वतंत्र प्रकरण नाही. असते तर त्यांना दिसले असते की, प्रेक्षक कितीही दुरून आणि कितीही मोकळ्या मनाने पाहत असला तरी तो प्रेक्षकच राहतो. महाडचे तळे जगाने पाहिले म्हणून खुले झाले नाही. ज्यांना तेथे मज्जाव होता ते ओंजळ भरून उभे राहिले, तेव्हा झाले.

आपली भाषा येथे सावध करते. 'तटस्थ' म्हणजे तटावर उभा असलेला. राजोडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात या शब्दाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही: पाण्यात कोणी बुडत असता काठावरचा मनुष्य बुडणारा आणि लाट यांच्यात समान अंतर राखून उभा राहिला, तर त्याला कोणी न्यायी म्हणणार नाही. दुसरा शब्द 'उपेक्षा'. पालीतील उपेक्खा म्हणजे चौथा ब्रह्मविहार, चित्ताचा समतोल. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ हेळसांड, दुर्लक्ष. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात विसुद्धिमग्गात हा धोका नोंदवून ठेवला आहे. अज्ञानातून आलेला निर्विकारपणा हा उपेक्खेचा जवळचा शत्रू आहे, असे ते म्हणतात, कारण तो तिच्यासारखा दिसतो. मराठी भाषेत तर शत्रूनेच घर बळकावले.

त्याच ग्रंथात मैत्रीच्या भावनेसंबंधी एक कठीण प्रसंग कल्पिलेला आहे. साधक, त्याचा प्रिय मनुष्य, एक त्रयस्थ आणि एक वैरी असे चौघे बसलेले आहेत. दरोडेखोर येऊन बळीसाठी एक भिक्षू मागतात. 'अमक्याला न्या' असे साधकाच्या मनात आले, तर सीमा मोडली नाही. 'मला न्या, या तिघांना नको' असे आले, तरीही मोडली नाही. चौघांपैकी कोणालाही देण्याजोगा तो पाहत नाही, तेव्हाच मैत्रीची सीमा मोडली असे समजावे. पाश्चात्त्य ग्रंथांत विल्यम गॉडविन यांनी १७९३ मध्ये घातलेले कोडे प्रसिद्ध आहे: आगीत सापडलेल्या दोघांपैकी एकालाच वाचवता येत असेल, तर थोर ग्रंथकाराला वाचवावे की आपल्या आप्ताला? तेथे कोणाला सोडावयाचे एवढाच प्रश्न उरतो. बुद्धघोष दरोडेखोरांचा प्रश्नच स्वीकारत नाहीत. स्वतःचा बळीसुद्धा पक्षपात ठरतो, हा विचार आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण दलितांना त्यागाचा उपदेश करणाऱ्यांची या देशात कधीच वाण नव्हती. याच अपरांतातील पुण्ण स्थविरांनी, लोकांनी मारले तरी सहन करीन, असे तथागतांना सांगितल्याचे पुण्णोवाद सुत्तात आहे. ती त्यांची स्वतःची प्रतिज्ञा होती. दुसऱ्याने त्यांच्यावर लादलेला तो नियम नव्हता.

या विवेचनाच्या उजेडात राखीव जागांविरुद्धचा जुना आक्षेप पाहावा. चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९५१ मध्ये मद्रास सरकारचा जातवार प्रवेशाचा आदेश रद्द केला. राज्याने जात पाहूच नये, हा त्यामागील विचार. बाबासाहेबांनी कायदामंत्री या नात्याने संसदेत या निकालाविषयी असमाधान व्यक्त केले आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे कलम आले. १९७५ च्या एन. एम. थॉमस खटल्यापासून अशी तरतूद समतेला अपवाद नसून समतेचाच भाग आहे, हा विचार न्यायालयात रुजू लागला. जात न पाहणे म्हणजे निःपक्षपात, ही समजूत मोहागतीचा प्रकार आहे, असे आम्ही म्हणू. जे आहे ते न पाहिल्याने नाहीसे होत नाही.

परंतु कसोटी दुसऱ्यांना लावून थांबलो, तर आम्हीही गटनीतीच पाळली असे होईल. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, सहा विरुद्ध एक अशा मताने, अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल असा निर्णय दिला आणि २००४ चा विरुद्ध निकाल मोडीत काढला. महाराष्ट्रात या यादीत ५९ जाती आहेत. मातंग समाजातून उपवर्गीकरणाची मागणी होत आली आहे. बौद्ध समाजातून त्यास आक्षेप घेतले गेले, आणि त्यांतील काही विचारार्ह आहेत: फूट पाडण्याचा हेतू, आकडेवारीचा अभाव, रिक्त राहणाऱ्या जागा. आम्ही येथे निवाडा देत नाही. पण आपल्या सभांतून जी भाषा कानी पडते, तीत छंद किती आणि भय किती, हे मोजावेसे वाटते. 'आमच्या मुलांचे काय होईल' हा प्रश्न खोटा नाही. मात्र मातंग वस्तीतील आईनेही तो त्याच शब्दांत विचारला, तर तिला फुटीरतेचा ठपका का मिळावा? ओळखी विसरून पडद्याआड बसल्याने हा वाद सुटणार नाही, आणि दुरून पाहणाऱ्या सज्जनांकडूनही सुटणार नाही. सम्मुखाविनयाच्या चार अटी येथे लावल्या तर पहिली गोष्ट निघते ती आकड्यांची, म्हणजे कोणती शलाका घेतली गेली आणि कोणती नाही हे कळण्याची; दुसरी, कोण हजर आहे याची. दोन मोठ्या समाजांची पत्रके आमच्या वाचनात आली. ५९ पैकी ज्या जातींची माणसे मूठभर आहेत, ज्यांची संघटना नाही, वर्तमानपत्र नाही, ज्यांचे नावही आपल्यापैकी पुष्कळांना सांगता येणार नाही, त्यांना या बैठकीत कोणी बोलावले आहे, असा उल्लेख त्या पत्रकांत आम्हांस आढळला नाही.